अंगठ्याखालचा रुपया

बाबा, आज सकाळी यवतमाळात नाण्यांच्या प्रदर्शनात एका बाईंनी मला एक प्रश्न विचारला आणि मी त्यांना अर्धा तास उत्तर देत बसले. घरी आले, जेवले, आईचं आणि माझं ताट घासून ठेवलं, आणि आता खिडकी लोटून तुम्हाला लिहायला बसले आहे. त्या अर्ध्या तासात मी जगभरचं सगळं सांगितलं, फक्त तुमचं सांगितलं नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही असतात तरी हे पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं. मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचताना मी यातलं निम्मं गाळलं असतं, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा कोणालाही वाचून दाखवायचं नाही असं पत्र लिहिणंच बरं.

त्या बाई बाभुळगावच्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, हातात रुमाल आणि रुमालाच्या गाठीत पंधरा-वीस नाणी. त्यांचे मालक पाच आणि दहा रुपयांची वेगळ्या चित्रांची नाणी बाजूला काढून ठेवायचे म्हणे. मालक गेले, रुमाल राहिला. माझ्या टेबलासमोर गाठ सोडून त्या म्हणाल्या, ‘‘मॅडम, हे तपासायला पाठवून प्लास्टिकच्या डबीत बंद करून आणलं, वर नंबराची चिठ्ठी लावून घेतली, तर किंमत वाढते म्हणतात. खरं हाय का?’’ मी लागलीच सुरू झाले. जुनं, दुर्मिळ नाणं असेल, ज्याच्या नकला बाजारात फिरतात, तर जाणकारानं तपासून दिलेली खात्री कामाची असते, असं म्हटलं. पण आपल्या हयातीतली नाणी टांकसाळीतून कोट्यांनी निघतात. त्यांच्यात नंबराला किंमत फक्त अगदी वरच्या टोकाला. एक मार्क खाली आला तर पाठवायचा खर्चही निघत नाही. वरच्या नंबराचं एखादं महाग जातं, ते पाहून शंभर लोक आपापली पाठवतात, त्यातल्या पन्नासांना तोच नंबर मिळतो आणि भाव खाली बसतो. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘म्हंजे वाढते का नाही वाढत, एवढंच सांगा नं.’’ मी म्हणाले, ‘‘नाण्याची नाही वाढत. चिठ्ठीची वाढते.’’ माझं मलाच हे वाक्य आवडलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘तुम्ही केलं का कधी?’’ मी म्हणाले, ‘‘एकदा.’’ ‘‘मंग?’’ मी त्यांना चहा घ्या म्हणाले आणि उठून गेले.

मंग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या बाजूनं माहीत आहे. माझ्या बाजूनं ते कोणी कधी सांगितलंच नाही.

दिग्रसच्या बस स्टँडला लागून आपला तो पिवळा बूथ. आत दोन टेलिफोन, बाहेर खिळ्यावर लटकवलेला लाल डब्बा, ज्यात रुपया टाकला की बोलता यायचं. काचबिंदूनं तुमचे डोळे हळूहळू नेले, कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटलं आणि अपंगांच्या कोट्यातून हा बूथ मिळाला, तेव्हा मी आठवीत होते. सकाळी मी तुमचा हात धरून तुम्हाला तिथवर नेत असे. खरं म्हणजे नेत काय होते, तुम्हाला रस्ता माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. खड्डा आला की तुम्हीच मला बाजूला ओढायचात. दुपारी पुसदची गाडी गेली की स्टँड जरा ओस पडायचा. तेव्हा तुम्ही लाल डब्ब्याचं कुलूप काढून सगळी चिल्लर लोखंडी काउंटरवर ओतता. तुमची बोटं त्या ढिगात शिरतात आणि मी पाहतच राहते. एक इकडे, एक तिकडे. चुकून कोणी कोंबलेली अठन्नी तुम्ही न थांबता बाहेर फेकता. एखादं नाणं हातात जरा जास्त वेळ राहिलं की समजायचं, काहीतरी वेगळं आहे. मग ते काउंटरवर आपटून आवाज ऐकायचा, आणि पसंत पडलं तर आपल्या खिशातला रुपया डब्ब्यात टाकून ते वेगळ्या टिनात. तंबाखूचा तो टिन, झाकणावरचा रंग उडालेला.

टिनातल्या नाण्यांचे तुम्ही तीन भाग केले होते. कोरं, बरं आणि काम केलेलं. कोरं म्हणजे ज्याच्या कडा अजून बोटाला लागतात. बरं म्हणजे मधलं. आणि काम केलेलं म्हणजे गुळगुळीत झालेलं. लहानपणी मला वाटायचं की कोरं सगळ्यात भारी असणार. तुम्ही मात्र कोऱ्यांना फारसा हात लावत नव्हतात. ‘‘याच्याशी काय बोलावं, हे अजून कुठीच गेलं नाही,’’ असं म्हणून बाजूला सारायचात. ग्रेड हा शब्द आपल्या घरात कापसामुळे होता. जिनिंगमध्ये तुम्ही ज्याच्या हाताखाली होतात तो ग्रेडर कापसाचा पुंजका अंगठ्यानं ओढून धाग्याची लांबी सांगायचा, आणि त्याच्याकडून तुम्ही ते शिकला होतात. डोळे जायच्या आधीच तुमचा अंगठा शिकून तयार होता. पाहणाऱ्याला धागा दिसतो, अंगठ्याला कळतो, असं तुम्ही सांगायचात, आणि शेजारचा चहावाला त्यावर हसायचा.

एकदा तुम्ही मला रागावलात. तुम्ही फार रागावत नव्हतात, म्हणून तो दिवस आजही जसाच्या तसा आहे. खेड्यावरची एक बाई आली होती. जावयाला फोन लावायचा होता, पोरगी बाळंत होणार होती. तिनं डब्ब्यात रुपया टाकला, डब्ब्यानं खाली सोडला. परत टाकला, परत सोडला. पार घासलेला होता. मी तो उचलून काउंटरवर तिच्याकडे सरकवला, सरकवला कशाला, फेकलाच, आणि म्हणाले, ‘‘हा नाही चालत. दुसरा काढा.’’ तिच्याकडे दुसरा नसावा. ती पदराची गाठ नुसती चाचपत उभी राहिली. तुम्ही आतून बोललात, ‘‘कोण फेकलं ते?’’ आवाजावरून तुम्हाला समजलं होतं. ‘‘आण इकडे.’’ मी तो रुपया तुमच्या हातावर ठेवला. त्यावरून अंगठा फिरवून तुम्ही म्हणालात, ‘‘काम केलं हाय त्यानं. हजार जाग्यावर जाऊन आला. तुले नाही पाहिजे त नको घेऊ, पण फेकायचं नाही पोरी. कायले फेकलं?’’ मग तुम्ही आपला रुपया टाकून त्या बाईला फोन लावून दिलात. मला तेव्हा वाटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी लोकांसमोर बोलायची काय गरज होती. तोंड फुगवून मी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. आज मात्र वाटतं की त्या दिवशी जरा जास्त रागवायला हवं होतं तुम्ही. एका रागावण्यात माझ्यासारखीला समजत नाही.

आणि मग तो रुपया. त्या दिवशी मी शाळेतून थेट बूथवर आले होते. ढीग निम्मा उरकला होता आणि तुमचा हात मध्येच थांबला होता. किती वेळ थांबला होता कोण जाणे. तुम्ही म्हणालात, ‘‘पोरी, इकडे ये बरं. याच्यावर चष्मा हाय का पाह्य.’’ मी पाहिलं. चष्मा होता. चष्म्यामागे तो चेहरा होता, जो आपल्या घरात दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर पहिला दिसतो. चौदा एप्रिलच्या शंभराव्या जयंतीच्या वर्षी सरकारनं काढलेला रुपया. तो कोणाच्या तरी खिशातून निघून, कोणाच्या तरी फोनपायी आपल्या डब्ब्यात पडला होता. मी ‘हो’ म्हटलं तेव्हा तुम्ही स्टुलावरून उठून उभे राहिलात. मला हसू आलं, पण मी हसले नाही. ‘‘फोटो त मले दिसत नव्हता आता,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘भिंतीवर हात लावून पाहो त नुसती काच लागे.’’

तेव्हापासून तो रुपया टिनात गेला नाही. शर्टाच्या वरच्या खिशात राहिला. सकाळी बूथचं शटर वर ढकलायच्या आधी तुम्ही तो काढायचात, कपाळापासून हनुवटीपर्यंत अंगठा एकदा फिरवायचात, आणि मग कुलपाला हात घालायचात. लोक देवाला हात जोडतात तसं ते नव्हतं. कामावर जायच्या आधी घरातल्या मोठ्या माणसाला सांगून निघावं, तसं होतं. हे तुम्ही रोज केलंत. मी कॉलेजला गेले, वीज कंपनीत नोकरीला लागले, यवतमाळला खोली केली, तरी रोज. मधल्या काळात नवी नाणी आली. अकरा कोपऱ्यांचा दोनचा गेला आणि गोल आला, तो अंधारात रुपयासारखाच लागायचा. पाचचं जाडं नाणं गेलं आणि पातळ आलं. तुम्ही चिडलात. ‘‘हे काम डोळेवाल्यानं केलं हाय. आंधळ्याले कोणी इचारलंच नाही,’’ असं तुम्ही गिऱ्हाइकांना ऐकवायचात. मग घरोघरी मोबाइल आले, लाल डब्बा काढून न्यायला कंपनीची माणसंही आली नाहीत, आणि एक दिवस बूथ बंद झाला. शटर नव्हतं, सकाळ तीच होती, तुम्ही ओसरीत बसून रुपयावरून अंगठा फिरवून आईनं दिलेला चहा घ्यायचात.

नाण्यांचा नाद मला तुमच्यामुळे लागला, असं मी सगळ्यांना सांगते. हे अर्धं खरं आहे. दुसरं अर्धं असं की नागपूरला दर महिन्याला संग्राहकांची बैठक भरायची आणि तिथे मला मान मिळायचा. ऑफिसात बिलांच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला कोण मान देतं? तिथे शिकले की नाणं कधी तोंडावर धरायचं नाही. दोन बोटांत कडेनं धरायचं, खाली मऊ कापड ठेवायचं, हातमोजे असतील तर उत्तम. शनिवारी दिग्रसला आले की मी हे तुम्हालाही शिकवायचे. ‘‘कडेनं धरा, बाबा. घामानं खराब होते.’’ तुम्ही ऐकायचात. टिनातली नाणी माझ्यासमोर कडेनं धरायचात, चिमटीत, अवघडून, आणि काहीच न समजल्यासारखे परत ठेवायचात. जिला रस्ता दाखवत तुम्ही स्टँडवर आणत होतात, ती आता तुम्हाला नाणं कसं धरायचं ते सांगत होती.

बैठकीतच कोणीतरी ते प्लास्टिकच्या डबीतलं नाणं आणलं. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर. आपल्याकडचंच, हल्लीचं, साधं पाच रुपयांचं. पण त्याच्या मालकानं ते असं धरलं होतं की मला ते हवंसं झालं. मला वाटलं, आपल्या टिनात काय कमी आहे? आपल्या लोकांना चार गोष्टी दाखवता येतील. काका लोक हसायचे नं, आंधळ्याचा खजिना म्हणून. त्यांच्यापुढे चिठ्ठी टाकता येईल. मी हे तुमच्यासाठी करते आहे असं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते मला खरं वाटायला लागलं. थोडं खरं होतंही. पण बैठकीत ती डबी मी कशी धरीन, हे मी आरशासमोर करून पाहिलं होतं, बाबा.

टिनातली पाच कोरी नाणी मी निवडली. आणि मग म्हणाले, ‘‘तो खिशातला पण द्या.’’ तुम्ही विचारलं, ‘‘म्हंजे कापसाले करते तसं ग्रेड करतीन?’’ मी हो म्हटलं. ‘‘ग्रेडर हात लावून पाहते का?’’ ‘‘हातमोजे घालून पाहतात, बाबा. भिंगातून.’’ तुम्ही जोरात हसलात. ‘‘हातमोजे घालून काय समजन त्याले?’’ आई ओसरीच्या कडेला तूर निवडत होती, तीही हसली. मी नाही हसले. मी समजावून सांगितलं की जगभर हेच चालतं, की याच्यामुळे किंमत वाढते, की नाणं कायमचं सुरक्षित राहतं, हवासुद्धा लागत नाही. तुम्ही खिशात हात घालून बराच वेळ बसलात. ‘‘कधी येईन वापस?’’ ‘‘दोन महिन्यांत.’’ ‘‘जाय घेऊन मंग.’’ तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी हट्ट केला असता. पण तुम्ही म्हणालाच नाहीत. मी मागितलं म्हणून दिलंत, एवढंच. माझ्या तळहातावर ठेवण्याआधी अंगठा एकदा फिरवलात, आणि मी तेव्हाही म्हणाले, ‘‘कडेनं, बाबा.’’

दोन महिन्यांचे पाच झाले. मुंबईतला एजंट सांगायचा, बाहेरदेशातून यायचं आहे, वेळ लागतो. मी दर शनिवारी यायचे आणि दर शनिवारी तुम्ही विचारायचात, ‘‘आला का?’’ नाणी आली का, असं नाही. आला का. सकाळी ओसरीत बसून तुम्ही शर्टाच्या वरच्या बटणावरून अंगठा फिरवायचात. आईनं ते बटण त्या पाच महिन्यांत दोनदा नव्यानं शिवलं. तिनं मला हे तेव्हा सांगितलं नाही, मागाहून सांगितलं.

पार्सल घेऊन मी आले तो दिवस रविवार होता. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि तुम्ही चुलीजवळच्या पाटावर बसला होतात. मी सहाही डब्या फरशीवर ओळीनं मांडल्या. आई पिठाच्या हातानंच वाकून म्हणाली, ‘‘एवढ्याशा पैशाले एवढी मोठी पेटी?’’ तुम्ही हात पुढे केलात. मी जयंतीच्या रुपयाची डबी तुमच्या हातात दिली. तुमचा अंगठा गेला आणि प्लास्टिकवर घसरला. परत गेला, परत घसरला. तुम्ही ती उलटी केलीत. कडेला नख लावून पाहिलंत. मग कानाजवळ नेऊन हलवलीत आणि फरशीवर हळूच आपटलीत. ठक् झालं. ‘‘याचा आवाज कुठी गेला वं?’’ मी म्हणाले, ‘‘आत पक्का बसवलाय, बाबा. आता काही होणार नाही त्याला.’’ ‘‘उघडत नाही?’’ ‘‘नाही. उघडलं तर नंबर जातो.’’

‘‘किती नंबर देल्ला?’’ तुम्ही विचारलंत. मी बाकीच्या पाचांचे सांगितले. त्रेसष्ट, चौसष्ट, एकाला सहासष्ट. सत्तरपैकी. ‘‘अन् याले?’’ मी तो पार्सलमधून निघाला तेव्हाच वाचला होता, आणि दिग्रसपर्यंतच्या एस.टी.त तेवढाच चघळत आले होते. ‘‘तीस.’’ तुम्ही हसलात. ‘‘म्हंजे काठावर पास.’’

तिथे मीही हसायला हवं होतं. आई हसली. भाकरी तव्यावर होती, बाहेर उन्ह होतं, सगळं बरं चाललं होतं. पण मला त्या तीसचा राग होता. बैठकीत तो मी काढू शकणार नव्हते. आणि मी म्हणाले, हे शब्द जसेच्या तसे लिहिते, ‘‘तुमच्याच अंगठ्यानं ग्रेड पाडली त्याची. चष्मा पार पुसून टाकला तुम्ही. नाही तर हाच सगळ्यात वर गेला असता.’’

तुमचा उजवा अंगठा अजून डबीवर होता. तुम्ही तो उचलला आणि मुठीत आत घेतला, जसं लहान पोर चोरी सापडल्यावर हात लपवतं. मग म्हणालात, ‘‘मले काय मालूम बाप्पा. मी त रोज भेटत होतो त्याले.’’ आणि डबी माझ्याकडे सरकवलीत. आईनं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा काही बोलणं शक्य होतं. माफ करा म्हणता आलं असतं, थट्टा करता आली असती, तिथल्या तिथे पाट्यावरचा वरवंटा घेऊन ती डबी फोडता आली असती. मी डब्या कागदात गुंडाळल्या आणि जेवायला बसले. कोरी म्हणून पाठवलेल्यांना मार्क मिळाले, काम केलेल्याला नाही, हे त्या जेवणात माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. खेड्यावरची ती बाईही आठवली नाही.

त्यानंतर तुम्ही टिन उघडला नाहीत. मी कडेनं धरा म्हणायची वेळच आली नाही, कारण तुम्ही काही धरतच नव्हतात. चहाचा कप घेतानासुद्धा तुमचा तो अंगठा आत वळलेला असायचा. मला आधी वाटलं, वय झालं. मग समजलं. समजूनही मी विचारलं नाही.

सरकारी दवाखान्यात तुम्हाला यवतमाळला आणलं, तेव्हा आठ दिवस मी रजा घेऊन उशाशी होते. पाचव्या दिवशी तुम्ही जरा बरे होतात. दोन घास पेज खाल्लीत आणि म्हणालात, ‘‘तो रुपया हाय नं नीट?’’ मी म्हणाले, ‘‘हो बाबा. बँकेच्या लॉकरमध्ये आहे.’’ ‘‘बरं झालं,’’ तुम्ही म्हणालात. ती बँक दवाखान्यापासून पायी दहा मिनिटांवर होती, बाबा. सकाळचे अकरा वाजले होते, वार कामाचा होता, किल्ली माझ्या पर्समध्ये होती. मला वाटलं, तुम्ही सुरक्षित आहे का एवढंच विचारताय. नाही, तेही खोटं. मला वाटलं होतं की आणावा. मग वाटलं, आणून काय, डबीच तर द्यायची. आणि ती डबी तुमच्या हातात परत द्यायची मला लाज वाटली. तुम्ही त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेलात. तुमची मूठ सोडवून हात सरळ केला तो मीच.

तुम्ही गेल्यावर महिनाभरानं मी लॉकर रिकामं केलं. बाकीच्या पाच डब्या पुढे विकल्या. एजंटानं सांगितलेल्या भावाच्या जवळपासही काही आलं नाही, ते तसंच असतं हे मला आता माहीत आहे. जयंतीचा रुपया कपाटात साड्यांखाली राहिला. प्रदर्शनं करते, लोक मला मॅडम म्हणतात, विचारायला येतात. बारा वर्षांत तो एकदाही टेबलावर मांडला नाही. तीस नंबर आहे म्हणून नाही मांडला, असं मी स्वतःला सांगत आले.

इथपर्यंत लिहिलं आणि मी उठले. कपाटातून डबी काढली, जुन्या फडक्यात गुंडाळली आणि स्वयंपाकघरात नेऊन आईच्या खलबत्त्यातल्या बत्त्यानं कोपऱ्यावर घाव घातला. पहिल्या दोन घावांत काही झालं नाही, चांगलं मजबूत प्लास्टिक आहे. आतून आईनं आवाज दिला, ‘‘काय कुटून राह्यली वं भरदुपारी?’’ तिसऱ्याला कोपरा तडकला. चिठ्ठी एकीकडे निघाली, रुपया फडक्यात पडला. फरशीवर निसटला तेव्हा वाजला. बाबा, वाजला तो. आईनंही ऐकलं. ती भिंत धरत धरत आली, दारात उभी राहून माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘इंचू धरल्यावानी काहून धरला तो?’’

मी खाली पाहिलं. दोन बोटांच्या चिमटीत, कडेनं, अंगापासून लांब. चष्मा अजून थोडा आहे बाबा, एका बाजूची काडी आणि भुवई. बाकी गाल, कपाळ सगळं तुमच्या अंगठ्यानं सपाट केलेलं, बरोबर अंगठ्याएवढं. आई आपली पलंगावर जाऊन पडली.

बाभुळगावच्या बाईंचा पत्ता मी सकाळी लिहून घेतला होता. त्यांना एक पोस्टकार्ड टाकीन, रुमालाची गाठ तशीच राहू द्या म्हणून. हे पत्र मात्र तंबाखूच्या टिनात ठेवायचं आहे, घडी करून, रुपयाखाली. रुपया आता इथेच आहे, या कागदावर, माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. मध्ये काच नाही, प्लास्टिक नाही, नंबर नाही. कोणी पाहत नाही. आणि खरं सांगते बाबा, अजून मी त्यावर अंगठा ठेवलेला नाही. कागदाची घडी घालायची तर आता तो उचलावा लागेल, आणि मला माहीत आहे, मी तो कडेनंच उचलणार आहे.